पिशवी काढण्याआधी तुकडा तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

पाळी बंद होऊन वर्षे लोटलेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले, की तालुक्याच्या गावी अजूनही सल्ला मिळतो, ‘पिशवी काढून टाका.’ आतला तुकडा आधी तपासला जातोच असे नाही. काढलेली पिशवी आम्हा पॅथॉलॉजिस्टांकडे (सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे) येते आणि कधी कधी तिच्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. मग सगळे विचारतात : तो लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) गेला आहे का?

याचे उत्तर शोधण्याची चांगली सोय आज आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी आयसीजी हा रंग गर्भाशयमुखात टोचतात. तो ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोचतो ती सेंटिनल नोड. तीच काढून बारकाईने तपासायची. अमेरिकेतल्या २०१७ च्या ‘फायर्स’ अभ्यासात, रंगाने वाट दाखवलेल्या आणि ग्रंथींत आजार असलेल्या ३६ स्त्रियांपैकी ३५ जणींचा प्रसार असा पकडला गेला. पण गर्भाशयमुखासकट पिशवी गेली, की रंग टोचणार कुठे? सरसकट सगळ्या ग्रंथी काढाव्यात, तर ब्रिटनच्या ‘ॲस्टेक’ आणि इटलीतल्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्त्रियांचे आयुष्य त्याने वाढले नाही. पायांची सूज मात्र वाढते.

मग अंदाजाची सारी भिस्त आमच्या रिपोर्टवर. या कर्करोगाच्या नेहमीच्या, एंडोमेट्रिऑइड नावाच्या प्रकारात ग्रेड (पेशी किती बिघडल्या याची श्रेणी) १ किंवा २, गर्भाशयाच्या स्नायूत निम्म्यापर्यंतच शिरकाव आणि गाठ २ सेंमीपर्यंत असेल, तर ग्रंथी बाधित असण्याची शक्यता फारच थोडी. लसिकावाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी ठिकठिकाणी दिसल्या, तर ती शक्यता बरीच वाढते. पण न चिरता, जेमतेम फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) बुडवून पाठवलेली पिशवी आतून सडलेली असते. तिच्यावरून ग्रेड सांगायचा तरी कसा? (शस्त्रक्रियेच्या रोबोटच्या उद्घाटनाला फीत कापता येते, फॉर्मॅलिनच्या बरणीला नाही, हे आम्हाला समजते.)

म्हणून एक परिपत्रक काढा. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव असेल, तर बायोप्सीच्या रिपोर्टशिवाय नियोजित पिशवीची शस्त्रक्रिया नको, सरकारी असो वा खासगी. कर्करोग निघालाच, तर गाठीचे माप, ग्रेड, शिरकावाची खोली आणि लसिकावाहिन्यांची स्थिती रिपोर्टात सक्तीची असावी. कर्करोगाचा रेण्वीय (पेशीतल्या जनुकीय बदलांवरचा) प्रकार ओळखायला मदत करणाऱ्या पी५३ आणि एमएमआर प्रथिनांच्या तपासण्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मोफत व्हाव्यात. २०२३ पासून फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या वर्गीकरणातही रेण्वीय तपासण्यांना स्थान आहे.

मसुदा करायला आमच्यापैकी कोणालाही बोलवा. तो एका पानात बसेल.

आपली,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एक पॅथॉलॉजिस्ट