विन्या, चहा घेऊन बस

विन्या,

फोनच करणार होतो, पण आमच्या घरात सगळ्यांचे कान माझ्याकडे आणि फोनवर तू मध्येच टिंगल सुरू करतोस, मग मूळ मुद्दा राहूनच जातो. म्हणून टाईप करतोय. तब्येतीचं आधी उरकतो. माझी बीपीची गोळी चालू आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला कोपऱ्यातली जळमटं स्वच्छ दिसतात आणि ती सोनलला दाखवत फिरते. झालं.

भाऊबीजेला निफाडला ताईकडे आमच्या ईशानला दाण्यांच्या ॲलर्जीची रिॲक्शन आली. चांगलीच आली. आता ठणठणीत आहे, सुट्टीचा गृहपाठ का झाला नाही याचं सगळं खापर त्याने त्या एका दिवसावर फोडलंय, त्यामुळे घाबरू नकोस. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात जे चाललंय ते सोनलला सांगितलं तर ती रडेल, आणि कंपनीत सांगितलं तर अंबडमधला प्रत्येक माणूस एकेक काढा सुचवेल. तूच उरलास.

तुला माहितीये ताई कशी आहे. आधी कितीतरी दिवस तिचं एकच, एका दाण्याने काय होतंय, आपण शेंगांच्या ढिगावर लोळून मोठे झालो. पण संक्रांतीचा तो राडा झाला आणि बाई सुधारली, म्हणजे अशी सुधारली की ईशानचा फराळ वेगळा, डबा वेगळा, डब्याला लाल चिकटपट्टी, झारासुद्धा नवा आणला. शंकरपाळे, करंज्या, चकल्या सगळं आधी तळून घेतलं आणि चिवड्याचे दाणे सगळ्यात शेवटी. इथपर्यंत दहापैकी दहा मार्क. मग ते दाणे तळलेलं तेल गाळून किटलीत भरून ठेवलं, आता तेल काय कोणी फेकतं का. भाऊबीजेला सकाळी पाहुणे वाढले, चकल्या कमी पडल्या, ताई ओवाळणीच्या गडबडीत, म्हणून तिच्या जाऊबाईंनी उरलेली भाजणी भिजवली, सोऱ्या घेतला आणि किटलीतलं तेल कढईत ओतलं. पहिली गरमगरम चकली कौतुकाने ईशानच्या हातात. भाजणीत दाणा नाही, चकलीत दाणा नाही, कोणाच्या मनातही काही नाही. तेलातच सगळं होतं.

(या तेलाचं एक सांगतो, तुझ्याकडेही कोणाला उपयोग होईल. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे ॲलर्जीवाल्या बऱ्याच जणांना ते चालून जातं. घाण्याच्या तेलात मात्र उरतं. आणि हल्ली नाशकात जिथे बघावं तिथे लाकडी घाणा निघालाय, त्यामुळे कोणी अभिमानाने "आमच्याकडे घाण्याचंच तेल हं" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.)

तर ईशान गच्चीवर. ओठ खाजायला लागले. आता नियम त्याला पाठ आहे, तोंडाला खाज आली, घसा आवळला, पोटात ढवळलं, की खेळ टाकून पहिलं आईबाबांकडे. सात वर्षांचा आहे पण झोपेतून उठवून विचार, सांगेल. आणि या पठ्ठ्याने काय करावं? पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. नळाखाली तोंड धुतलं, चुळा भरल्या, आणि ताईच्या रेवाला म्हणाला, कोणाला सांगू नको. ती दहा वर्षांची पोर, थोडा वेळ थांबली आणि मग धावत खाली आली म्हणून बरं. मी वर पोचलो तेव्हा खालचा ओठ हा एवढा, मानेवर गांधी, आणि माझ्यासमोरच खोकला सुरू झाला, मग उलटी.

इंजेक्शन मी दिलं. परदेशात त्याचं तयार पेन मिळतं, आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ॲड्रेनलिनची अँप्युल आणि 1 मिलीची सिरिंज जवळ ठेवायला लावलीये. किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, ईशान 20 किलोचा, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम, आणि अँप्युलमध्ये एका मिलीत 1 मिलिग्रॅम औषध, म्हणून 0.2 मिली. कागदावर हे पाचवीचं गणित आहे. प्रत्यक्षात अँप्युलची मान मोडताना काच अंगठ्यात गेली आणि सिरिंजवरच्या रेघा मला दिसेनात. शेवटी सोनलने रेघ वाचली, पाय धरला, मी मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबायचं नाही, ती खाज घालवते, श्वास सांभाळत नाही, हे डॉक्टरांनी आमच्याकडून घोकून घेतलंय, नाहीतर ताई तिकडे हळदीचं दूध गरम करत होती. दाजी बागेत फवारणीवर होते (छाटणीनंतरचे दिवस, सण गेला उडत), ते तसेच औषधाच्या कपड्यांवर आले आणि आम्हाला गाडीत घालून दवाखान्यात. तिथे पोचेपर्यंत खोकला बसला होता. तरी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, कारण एकदा उतरलेलं काही तासांनी परत चढू शकतं.

हे सगळं ठीक आहे रे. म्हणजे ठीक नाही, पण याची तयारी होती. ज्याची तयारी नव्हती ते पुढे.

रात्री नाशकात शिरताना द्वारका चौकात अडकलो. सिंहस्थाची कामं, सगळीकडे खोदलेलं, तुला वाटेल मी दरवेळी हेच रडतो, तर ये आणि एकदा गाडी चालवून बघ. सोनल मागे झोपलेली. ईशान हळूच म्हणाला, "बाबा, तू आत्याला ओरडलास का?" म्हटलं नाही. मग म्हणाला, "मी सांगितलं असतं तर ओरडला असतास. म्हणून मी टाकीमागे बसलो. थोड्या वेळाने आपोआप गेलं असतं."

मी काही बोललोच नाही. काय बोलणार?

संक्रांतीचं तुला सांगितलं होतं ना, गुळाच्या पोळीत तिळाबरोबर दाण्याचं कूट, आणि वर "थोडंसंच आहे, कळणारही नाही" म्हणून त्याच्या ताटात वाढलेली. तेव्हा मी पंक्तीत सगळ्यांसमोर आवाज चढवला, ताई ताटावरून उठली, आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही. तेव्हा ओरडलो म्हणून लाल चिकटपट्टी आली, नवा झारा आला. गोडीत सांगून आपल्याकडे कोण ऐकतं? घशाखाली काहीतरी ढकलल्याशिवाय आपल्या लोकांना प्रेम केल्यासारखंच वाटत नाही. पण त्याच पंक्तीत ईशानही बसला होता आणि त्याच्या डोक्यात भलतंच जाऊन बसलं, की "मी काही सांगितलं की घरात भांडण होतं." दाण्याला तो भीत नाही, आमच्या आवाजाला भितो. आता मी ओरडायचं सोडलं तर मोठी माणसं ढिली पडणार, आणि नाही सोडलं तर हा टाकीमागे बसणार. कसं करायचं सांग.

सल्ले तर विचारूच नकोस. सोनलच्या मावशीचं मत, गरोदरपणात दाणे खाल्ले म्हणून झालं. शेजारच्या काकांचं, लहानपणी दिले नाहीत म्हणून झालं. गंमत म्हणजे काकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, 2015 मध्ये लंडनचा एक अभ्यास आला, त्यात ज्यांना धोका जास्त अशा बाळांना पहिल्या वर्षातच दाण्याचे पदार्थ सुरू केले तर पुढे ही ॲलर्जी खूपच कमी दिसली. पण काका त्यावरून आता "रोज चिमूटभर देऊन सवय लावा" म्हणतात. अहो, ज्याला ॲलर्जी झालेलीच आहे त्याच्यावर असले प्रयोग डॉक्टरांच्या नजरेखाली करतात, इंदिरानगरच्या ओट्यावर नाही. आणि आईचा उपवास! साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची, रताळं, राजगिरा, सगळं अमेरिका खंडातून आलेलं, आणि त्यावर आमची एकादशी. एकदा आईला म्हटलं पण, तर म्हणाली मग तू तिकडेच जा.

आणि नशीब बघ, चिवड्यातले दाणे वेचून खाणारा मी, त्यावरून होस्टेलला तुझी माझी मारामारी, आणि पोरगा हा असा. बाय द वे तो डबा तूच संपवला होतास. कितीही वर्षं झाली तरी मी मान्य करणार नाही.

तुला हे लिहितोय कारण तुझ्या सोहमला काय होतंय ते सांगता येत नाही, आणि माझा सांगता येत असून सांगत नाही. मागे तू म्हणाला होतास की कान दाबायच्या आधी तो अंगठा मुठीत घेतो आणि तुम्ही दोघं तेवढं बघूनच उठता. तसं काहीतरी मला शिकव. बोलायलाच लागू नये, गाजावाजा होऊ नये अशी एखादी खूण. सोनल म्हणते त्याला शिट्टी देऊ गळ्यात. शिट्टी वाजली की सगळं निफाड गोळा होईल, मग हा कशाला वाजवतोय! मला वाटतं नुसता येऊन माझा हात धरायचा, आणि मी कोणाला एक शब्द न बोलता उठायचं. ते उठणं जमेल, गप्प बसणं जमेल का बघायचं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री यंदाही सोहमला घेऊन समृद्धीवर काचा बंद करून फिरत होतास का? बदलीचं काय झालं? मनीषा वहिनींचं क्लासचं जमलं का? नाताळात या ना इकडे, सिन्नरला उतरायचं की आलंच नाशिक, फटाके नसतात तेव्हा. खाण्याचं आमच्याकडे तसंही सगळं तपासलेलं असतं.

आणि एक काम कर. ताई माझा फोन उचलत नाहीये. मी एक शब्द बोललो नाही त्या दिवशी, आणि तेच तिला जास्त लागलंय असं दाजी म्हणाले. जाऊबाईंशीही बोलणं बंद आहे म्हणे. ईशानला नाताळात परत निफाडला जायचंय, रेवाबरोबर किल्ला अर्धा राहिलाय, आणि मलाही त्याला पाठवायचंय. तुला ती अजून भाऊच मानते, तुझं ऐकेल. सांग तिला, प्रकाश चिडलेला नाही, आणि तेलाचं कोणालाच सुचलं नसतं. फक्त दुपारी दोन ते चार करू नकोस, तेव्हा झोपलेली असते, उठवलंस तर आधी तुझ्याच वजनावर घसरेल.

पक्या