पूजाला इंदूरला जाऊ दे

चोपडा, रविवार

प्रिय सुभाष,

काल तुझ्या पूजाच्या इंदूरच्या प्रोजेक्टवरून फोनवर ‘हाई काय कामनं?’ म्हणालास आणि तेवढ्यात लाइट आली म्हणून मोटार चालू करायला पळालास. माझं उत्तर तोंडातच राहिलं. पूजाच्या प्रोजेक्टचं नाव, ‘तीव्र लेसरपासून वायूमध्ये टोकाच्या अतिनील प्रकाशाची निर्मिती’, वाचून कोणीही बिचकेल. पण बीएस्सीला आपण एकाच बाकावर होतो, तुला हे सहज समजेल.

निर्वात पेटीत बारीक तोटीतून आर्गॉनचा झोत सोडतात आणि त्यावर अवरक्त लेसरचं स्पंद एकवटतात. स्पंद काही फेमटोसेकंदांचं (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग), पण त्या ठिपक्यावर चौरस सेंटिमीटरला शंभर लाख कोटी वॅटच्या घरात तीव्रता. एवढ्या जोरापुढे अणूची पकड ढिली पडते आणि इलेक्ट्रॉन निसटतो. पण अर्ध्या आवर्तनात प्रकाशाचं विद्युत क्षेत्र उलटतं आणि त्याला मागे लोटतं. तो परत येऊन आपल्याच अणूवर आदळतो आणि वाटेत कमावलेली सगळी ऊर्जा एका फोटॉनात देऊन टाकतो. ८०० नॅनोमीटरचा लेसर घातला, तर वारंवारतेच्या २१ व्या पटीत सुमारे ३८ नॅनोमीटरचा प्रकाश मिळतो. पटी फक्त विषम. लेसर ताकदवान आहे याचं मला फारसं अप्रूप नाही. निसटलेला इलेक्ट्रॉन घरी परततो, याचं आहे.

हे आधी दिसलं, उमगलं नंतर. १९८७ च्या सुमारास पॅरिसजवळ सॅक्ले इथं ॲन लुलिए आणि सहकाऱ्यांनी वायूतून अवरक्त लेसर सोडला. पट वाढेल तसा प्रकाश विझत जाईल, अशी अपेक्षा. सुरुवातीला तो घटलाही, पण मग कितीतरी पटींपर्यंत जवळजवळ तेवढाच राहिला आणि शेवटी एकदम तुटला. इलेक्ट्रॉनच्या या परतीचं चित्र पॉल कॉर्कम आणि केनेथ कुलँडर यांनी १९९३ मध्ये मांडलं. लुलिए यांना २०२३ चं नोबेल मिळालं, पिएर अगोस्टिनी आणि फेरेंत्स क्राउस यांच्यासोबत.

आता खरी मेहनत कुठं आहे ते सांगतो, कारण पूजाचे दिवस त्यातच जाणार. एका अणूचा उजेड नगण्य. कानबाईच्या मिरवणुकीत प्रत्येक ढोलवाला आपल्याच ठेक्यात वाजवायला लागला तर नुसता गोंगाट होतो, तसं इथंही. लाखो अणूंच्या लहरी एका तालात आल्या तरच किरण बळावतो. त्यासाठी वायूचा दाब, झोताची जागा, भिंगाचा नाभी हे सगळं केसाकेसानं हलवत बसायचं. एवढं करूनही लेसरच्या ऊर्जेचा दहा लाखांवा भाग हाती लागला तरी चांगलं म्हणायचं. हवा हा प्रकाश गिळते, काच गिळते; म्हणून सगळी वाट निर्वात. अवरक्त अडवायला ॲल्युमिनियमचा पडदा लावतात, जाडी सुमारे २०० नॅनोमीटर. चिमट्यानं उचलताना फुंकर लागली तरी फाटतो. पंप एकदम उघडला तरीही.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात या विषयावर काम झालेलं आहे. तिथंच इंडस-२ आहे, वेगवान इलेक्ट्रॉन फिरवणारी १७२ मीटर घेराची कडी. तीही क्ष-किरण आणि अतिनील प्रकाशासाठीच. पूजाचा प्रयोग मात्र एका टेबलावर मावणारा.

उपयोग विचारशील, तर थापा मारत नाही. मोबाइलच्या चिप ज्या १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशानं छापतात, तो कथलाच्या थेंबांवर लेसर मारून काढतात, या रीतीनं नाही. या रीतीचं सामर्थ्य वेगळं. यातून ॲटोसेकंदाचं, म्हणजे फेमटोसेकंदाच्याही हजाराव्या भागाच्या मापाचं स्पंद मिळतं, आणि अणूच्या आत इलेक्ट्रॉन कसा हलतो ते टिपता येतं. यातून नोकरी लागेलच, असं मी म्हणत नाही. पण निर्वात यंत्रणा, लेसर, संगणकावर आकडे हाताळणं, हे शिकलेली पोरगी कुठंही अडत नाही.

धोका आहे, तो डोळ्यांना. तिथं गॉगल लावल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि पूजा तुझ्यासारखी धांदरट नाही.

बऱ्हाणपूरवरून बस मिळेल. निघण्याआधी तिला दोन दिवस माझ्याकडे पाठव, फूरियेचं, म्हणजे लहरींची फोड करायचं गणित घासून घेऊ. येताना भरताची वांगी आण म्हणावं, इकडची यंदा बियाळ निघाली. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास