वजन थांबलं म्हणून जेवण थांबवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मधे वजन कमी करायच्या ऑपरेशनवर म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीवर पानभर मजकूर आला होता, ऑपरेशनच्या आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि किती किलो गेले ते मोठ्या अक्षरात. वाचून बरं वाटलं, लोकांची भीती कमी होते अशानं. पण त्या दोन फोटोंच्या मधला जो काळ असतो त्याच्यावर एक ओळपण नव्हती आणि माणूस अडकतो ते नेमकं तिथंच, म्हणून हे पत्र लिहितेय. मी लातूरची, माझं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि आता कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं उदगीर, अंबाजोगाई, परळी, पार नांदेडकडून बायकांचे फोन येतात. प्रश्न एकच असतो, ताई काटाच हलेना, आता काय करू?

आणि पुढं ज्या गोष्टी सांगतात त्या ऐकून जीव घाबरा होतो. कुणी रात्रीचं जेवण सोडलेलं असतं, कुणी नुसत्या लिंबूपाण्यावर आणि काकडीवर काढत असतं, कुणी गल्लीतल्या कुणाच्या सांगण्यावरून कसलीतरी जडीबुटीची पावडर चालू केलेली असते. एक ताई होत्या, ऑपरेशनला महिनापण झाला नव्हता, पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरलं आणि तिसऱ्या आठवड्यात थांबलं, तर घरचे म्हणायला लागले एवढा पैसा घातला अन् फेल गेलं की काय. त्यांनी खाणंच जवळजवळ बंद केलं. उठलं की चक्कर, हातपाय गळालेले, आणि तरी सकाळी उठून पहिलं काम काय तर काट्यावर उभं राहायचं.

हे तिसऱ्या आठवड्यातलं थांबणं बहुतेक सगळ्यांना होतं हो. आपल्या लिव्हरमधे आणि स्नायूंमधे साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ऑपरेशननंतर खाणं एकदम कमी होतं तेव्हा आधी तो साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं, म्हणून सुरुवातीला काटा धपाधप खाली येतो. मग खाणं थोडं वाढलं की शरीर थोडा साठा आणि पाणी परत धरतं, आतून चरबी जात असते पण काट्यावर दिसत नाही. आठवडा, दोन आठवडे, कुणाला जरा जास्त, आणि परत उतरायला लागतं. अशा वेळी कमरेला टेप लावून बघा, ब्लाऊज कुठं सैल झालं ते बघा. काटा आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी, बस.

दुसरं थांबणं येतं ते सहा महिन्यांच्या पुढं, आणि ते जरा वेगळं. भरलेली बैलगाडी ओढायला बैलाला जेवढा जोर लागतो तेवढा रिकामीला लागत नाही, तसंच एकशेवीस किलोचं शरीर चालवायला जेवढी ताकद लागायची तेवढी नव्वद किलोला लागत नाही, आणि त्यात शरीर स्वतःहूनपण खर्च आवरता घेतं. म्हणजे तेवढंच खाऊन आधी वजन उतरत होतं, आता तेवढ्यावर ते टिकून राहतं. वर्ष-दीड वर्षाच्या आसपास बहुतेकांचं वजन एका जागी बसतं, कुणाकुणाचं दोन वर्षांपर्यंत उतरत राहतं. स्वीडनमधे १९८७ ला एक मोठा अभ्यास सुरू झाला, असली ऑपरेशनं झालेल्या लोकांना त्यांनी वीस-वीस वर्षं बघितलं, दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के वजन कमी झालेलं होतं आणि वीस वर्षांनी १८ टक्के. म्हणजे थोडं परत येतं, पण बरंचसं कायमचं जातं, आणि त्या लोकांमधे नव्यानं शुगर होणं, मृत्यूचं प्रमाण, दोन्ही ऑपरेशन न केलेल्या लठ्ठ लोकांपेक्षा कमी राहिलं. हे आधीच नीट सांगितलं असतं तर थोडं वाढल्यावर माणूस लाजून डॉक्टरकडं जायचं बंद करत नाही.

मग थांबल्यावर करायचं काय, तर माझं मत, आधी ताटात काय येतंय ते बघायचं. स्लीव्हमधे जठराचा पाऊण भाग, कधी त्याहून जास्त काढून टाकतात, जागाच थोडी राहते, त्या जागेत आधी प्रोटीन गेलं पाहिजे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं. आपल्याकडं पोट भरतं भाकरीनं, एका ज्वारीच्या भाकरीत प्रोटीन पाच-सहा ग्रॅम, आणि ती खाल्ल्यावर वरणाला जागाच उरत नाही. म्हणून आधी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ किंवा पनीर किंवा अंडं, मग भाकरीचा चतकोर. अंड्यात सहा ग्रॅम असतं, शंभर ग्रॅम पनीरमधे अठराच्या आसपास, शाकाहारी माणसाला सोयाबीनच्या वड्या लई उपयोगाच्या, तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा ग्रॅम. आपल्या लातूरच्या मार्केटला सोयाबीनचे ढीग लागतात पण घरात भाजीला वड्या क्वचित होतात, हे मला नेहमी खटकतं.

प्रोटीन कमी पडलं तर चरबीसोबत स्नायू झिजतात आणि स्नायू झिजले की शरीराचा खर्च अजून कमी होतो, म्हणजे उपाशी राहून वजन उतरवायला जाणारी बाई स्वतःच वजन अडकवून ठेवते. नुसतं चालूनपण भागत नाही, जोर लागेल असा व्यायाम पाहिजे, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, घरातल्या घरात होतं, फक्त सर्जनला विचारून सुरू करा.

आणि जे घशाखाली सरकन उतरतं, पोट भरल्यासारखंच वाटत नाही, त्याच्यावर डोळा ठेवा. चहात बुडवलेलं बिस्कीट, खारी, चिवडा, फरसाण, चुरमुऱ्यांचा सुशीला, एकादशीची शाबूदाण्याची खिचडी, उन्हाळ्यात रसवंतीवरचा उसाचा रस. घासाघासानं दिवसभर जातं आणि कुणी त्याला जेवणात मोजत नाही. उपवास तर मला वाटतं पहिल्या वर्षी करूच नयेत, तुळजाभवानी समजून घेईल. पाणी मात्र पाहिजेच, मे महिन्यात आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असतं, घोट घोट करून दिवसभर प्यायचं, फक्त जेवताना नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही.

नातेवाईकांचं एक सांगायचंच राहिलं. येळवसला म्हणजे वेळ अमावस्येला शेतात गेलो होतो, मी वाटीभर भज्जी (दाण्यांची मिसळ भाजी) घेऊन बसले, बाजरीचा उंडा घेतला नाही, तर आमच्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, इतकुसं खातीस अन् वजन तर हाय तिथंच हाय की गं! त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण असं बोललं की माणूस एकतर खाणं लपवतो नाहीतर सोडतो. खरं तर येळवसची भज्जी आमच्यासाठी चांगलीच, तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, चावून चावून वाटीभर खाल्ली की पोट भरतं.

आता जे जिवाशी येऊ शकतं ते. बी१२, आयर्न, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात, वजन थांबलं म्हणून त्या थांबवायच्या नाहीत. वरचेवर उलट्या होत असतील, खाणं टिकत नसेल आणि त्यात पायात मुंग्या, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं असं काही सुरू झालं तर घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि ऑपरेशन झालंय हे पहिल्यांदा सांगा. बी१ कमी पडल्यानं असं होतं आणि उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. ज्यांचं महिनोन्महिने थांबलंय त्यांनी थायरॉईड तपासून घ्यावं, चालू गोळ्या डॉक्टरला दाखवाव्यात, स्टेरॉईड, इन्सुलिन आणि मानसिक आजारावरच्या काही औषधांनी वजन अडतं किंवा वाढतं, पण ती मनानं बंद करायची नाहीत. २०२५ पासून आपल्याकडं मौंजारोसारखी वजन उतरवायची, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं मिळायला लागलीत, ऑपरेशननंतर वजन परत वाढलं तर डॉक्टर कधीकधी ती देतातपण, मात्र स्वतःच मेडिकलवरून आणून टोचून घ्यायची ही गोष्ट नाही.

खरी अडचण ही आहे की ऑपरेशन पुण्या-मुंबईत, हैदराबादला नाहीतर संभाजीनगरला होतं आणि बाई राहते औशाला नाहीतर गंगाखेडला. पहिल्या वर्षात दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा रक्त तपासायचं असतं, तेवढ्यासाठी एवढ्या लांब कोण जातं, मजुरी बुडवून, सोबतीला एक माणूस घेऊन. गावातल्या डॉक्टरांना हे प्रकरण नवीन, ते म्हणतात जिथं केलं तिथंच जा. आणि ऑपरेशनवाले लोक वाढणारच आहेत, २०२२ मधे सर्जन लोकांच्या अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई माणसांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) साडेसत्तावीसपासून ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं सांगितलंय.

म्हणून माझी विनंती आहे की संभाजीनगरचा घाटी दवाखाना, अंबाजोगाईचं स्वाराती, लातूर आणि नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज, या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस ऑपरेशन झालेल्या पेशंटसाठी वेगळी ओपीडी ठेवावी, आहारतज्ज्ञ बसवावा, तिथंच रक्ततपासणी व्हावी, ऑपरेशन कुठंही झालेलं असो. आणि आपण पुरवणीत पुढच्या वेळी कुणाची मुलाखत घ्याल तेव्हा त्यांना एवढं नक्की विचारा की वजन थांबलं होतं तेव्हा तुम्ही काय खात होता, कुणाला दाखवलं, आणि ते उत्तर पूर्ण छापा.

आपली,
एक वाचक, लातूर