भिंत पडलीये, वाडा नाही! मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यातल्या पावसात आमच्या वाड्याची मागची भिंत बसली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी एक साहेब आले, बोळात उभं राहून मोबाईलवर फोटो काढले आणि संध्याकाळी दिंडी दरवाज्यावर नोटीस लागली की इमारत धोकादायक आहे, रिकामी करा आणि उतरवून घ्या. साहेबांनी आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. आणि याच पेठेत निवडणुकीच्या आधी स्टेजवरून तुम्ही आम्हाला शब्द दिला होता की वाड्यांसाठी वेगळं धोरण आणतोय, कुणाला घर सोडावं लागणार नाही. तो शब्द कुठे गेला?

साहेब, आमचा वाडा भिंतींवर उभाच नाहीये. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे घडीव दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. सगळा भार या लाकडी सांगाड्यावर आहे. मधल्या भिंती म्हणजे चपट्या विटा आणि पांढरी माती, नुसतं भरण. भिंत पडली तिथे आता खांब आणि तुळईचा सांधा उघडा पडलाय, कुणीही येऊन बघावं. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलंय आणि आरपार लाकडी खुंटी मारलीये, एक खिळा नाही. सुताराने प्रत्येक खांब ठोकून बघितला, आवाज खणखणीत येतो. फक्त न्हाणीकडचे दोन खांब खालून वीतभर कुजलेत, कारण मागे एका कॉन्ट्रॅक्टरने तिथे सिमेंटचा गिलावा मारला होता. मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल बाहेर पडत नाही, ती आतल्या लाकडात मुरते. तेवढा भाग कापायचा, तुळईला जॅक लावायचा, खाली नवीन सागवान सांधायचं आणि भिंत परत विटा-मातीचीच घालायची, पावसाळ्यानंतर दोन महिन्यांचं काम आहे असं तो म्हणतो. त्याच्या बापाने, आज्याने हेच केलंय. नोटीस लिहिणाऱ्याने त्याला एक प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं.

मग दुरुस्ती का करत नाही, असं तुम्ही विचाराल. आम्ही शनिवारवाड्यापासून 100 मीटरच्या आत राहतो ना! प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 ला झालेल्या बदलाने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरमध्ये नवीन बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण. पाडलं तर परत बांधता येत नाही. पण त्याच कायद्यात 16 जून 1992 आधीच्या इमारतींना परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते असं स्पष्ट आहे. आमचा अर्ज गेल्या उन्हाळ्यापासून एका कार्यालयात पडून आहे, आधी नकाशा हवा, मग ड्रोनचे फोटो हवेत, मग फाईल सापडत नाही. म्हणजे एक टेबल म्हणतं हात लावू नका, दुसरं टेबल म्हणतं आत्ताच्या आत्ता पाडा, आणि पाडल्यावर तिथे आम्ही काय करायचं, मोकळ्या जोत्यावर ताडपत्री टाकून राहायचं का?

ज्या शनिवारवाड्यासाठी आम्हाला ही बंधनं, तो तरी कशाचा होता? 10 जानेवारी 1730 ला पाया घातला, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली, सागवान जुन्नरच्या जंगलातलं, चुना जेजुरीचा. 1828 च्या आगीत लाकूड जळलं आणि आज तिथे तट, दरवाजे आणि जोती उरलीत, लोक तिकीट काढून तेच बघतात. पेशवाईतलं घर आतून कसं असायचं हे बघायचं तर आमच्यासारख्यांच्या वाड्यातच यावं लागतं, चौक, ओटी, माजघर, माडी, भिंतीतले कोनाडे, सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब, कमानीखाली लाकडात कोरलेलं केळफूल. आणि तेच पाडा म्हणताय. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा बघा, 1879 च्या आगीत त्याचा मोठा भाग गेला, त्याच आगीत पेशव्यांचा बुधवारवाडा तर संपलाच, तरी विश्रामबागवाडा दुरुस्त केला आणि दर्शनी सागवानी काम आज बाजीराव रोडवरून जाणारा प्रत्येक जण मान वर करून बघतो. जळालेला वाडा दुरुस्त होतो, मग भिंत पडलेला का नाही?

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले किती वाडे बसले, मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. आमच्या तळमजल्यावर पाणी होतं, आजी सांगायची. पाणी ओसरल्यावर भिंती नव्याने घातल्या, खांब तेच. पुरातून वाचलेला वाडा आता कागदाने मारताय तुम्ही लोक.

आणि वाडेवाल्यांकडे पैसे का नाहीत तेही बोलू. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, 1999 चा कायदा आला तो वर्षाला 4 टक्के वाढ देतो. मूळ भाडं 20 रुपये असेल तर 4 टक्के म्हणजे 80 पैसे! त्यात एक कौलसुद्धा येत नाही. आमचे भाडेकरूही श्रीमंत नाहीत, त्यांच्याशी माझं भांडण नाही, तीन पिढ्या आम्ही एका चौकात गणपती बसवतोय. पण मालकाला परवडत नाही, भाडेकरू खर्च करत नाही, सरकार दमडी देत नाही, आणि शेवटी बिल्डर येतो. पेठेतले किती वाडे असेच गेले, कोरीव खांब, दरवाजे ट्रकमधून जातात आणि कुठल्यातरी रिसॉर्टच्या रिसेप्शनला उभे राहतात. हे सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललंय, तुमच्या आधीच्यांच्याही आणि त्यांच्या आधीच्यांच्याही. पक्ष बदलले, टेबलं तीच. वारसा म्हणून भाषणं ठोकायला आमचे वाडे चालतात, राहायला माणसं मात्र नकोत.

माझी आई 81 वर्षांची आहे. लग्न होऊन याच ओटीवर आली. नोटीस लागल्यापासून ती नीट जेवत नाही, रात्री उठून तुळया बघत बसते. मला बीपीची गोळी सुरू झालीये. नातेवाईक म्हणतात सोडून द्या, फ्लॅट घ्या. कशाच्या जोरावर घेऊ? आणि का सोडू? माझं घर उभं आहे.

आता मागणं. पाडण्याच्या नोटिशीला आजच्या आज स्थगिती द्या. लाकडी वाड्यांचं काम कळणारा इंजिनिअर पाठवा, तो आत येऊन खांब-तुळया तपासू दे, सोबत आमचा सुतार असू दे. दुरुस्तीच्या अर्जावर हो की नाही ते तारखेसकट लेखी कळवा. ज्या वाड्यांना 100 मीटरचा नियम लागतो त्यांना दुरुस्तीसाठी बिनव्याजी कर्ज द्या. आणि ही परवानगी एकाच खिडकीवर मिळू दे, कारण आत्ता आम्ही ज्या साहेबांकडे जातो ते आम्हाला दुसऱ्या साहेबांकडे पाठवतात.

नोटिशीची मुदत येत्या सोमवारी संपते. त्याआधी उत्तर हवंय.

आपला,
शनिवार पेठेतला एक वाडेकरी, पुणे