ओटीपी कोणाला न सांगताही जातो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात सायबर फसवणुकीची बातमी आली की खाली चौकटीत एक वाक्य असतंच, "ओटीपी कोणालाही सांगू नका". वाक्य चुकीचं नाही पण अपुरं आहे, आणि ते वाचून लोकांना वाटतं की आपण काही सांगितलं नाही म्हणजे आपण सेफ. माझ्या वडिलांनी खरंच कुणाला काही सांगितलं नव्हतं.

2023 ची दिवाळी. वडील रिटायर्ड मुख्याध्यापक, मिरजेला असतात. दुपारी फोन आला, सर तुमचं पार्सल आलंय, पत्ता सापडेना, डिलिव्हरीवाल्या पोराचा नंबर देतो त्याला लावा, आधी स्टार 401 स्टार दाबा म्हणजे डायरेक्ट लागेल. वडिलांनी दुधाच्या बिलामागे ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. तो कोड म्हणजे आपल्याला येणारे सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवायचा कोड. मग त्या लोकांनी त्यांच्याकडच्या व्हॉट्सॲपमध्ये वडिलांचा नंबर टाकला, खातं चालू करायचा ओटीपी एसएमएसऐवजी कॉलवर मागवला आणि तो कॉल सरळ त्यांच्याकडे गेला. वडिलांचा फोन त्यांच्याच खिशात होता, वाजला पण नाही, फक्त रेंजच्या शेजारी एक बारीक बाण आला होता तो संध्याकाळी माझ्या मुलीला दिसला. तोपर्यंत वडिलांच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेलं "दवाखान्यात आहे, अर्जंट पाठव" एवढं वाचून कोल्हापूरच्या आत्याने 15 हजार पाठवून झाले होते. वडील नंतर कितीतरी दिवस आत्याशी नीट बोलत नव्हते, लाज वाटायची त्यांना, आणि चूक तर त्यांची नव्हतीच.

15 एप्रिल 2024 पासून सरकारने कोड दाबून कॉल वळवायची सोय बंद करायला लावली ते बरंच झालं. पण एक दार बंद झालं म्हणून घर सुरक्षित झालं असं नाही. आपला नंबर आपला वाटतो, तो असतो नेटवर्कच्या ताब्यात. कंपन्या एकमेकींना "हा ग्राहक आता आमच्याकडे आहे, त्याचे मेसेज इकडे पाठवा" असं कळवतात ती एसएस7 नावाची पद्धत 1970 च्या दशकातली आहे, तेव्हा मोजक्याच कंपन्या होत्या त्यामुळे समोरचा खरा की खोटा हे तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. 2017 मध्ये जर्मनीत चोरांनी आधी लोकांचे बँक पासवर्ड मिळवले, मग याच रस्त्याने बँकेचे एसएमएस स्वतःकडे वळवून खाती रिकामी केली. त्या खातेदारांनी कुठलाच कोड दाबला नव्हता.

आणि हे सामान्य माणसापुरतं पण नाही. ग्रीसमध्ये 2004-05 ला खुद्द पंतप्रधान करामानलिस यांच्यासकट शंभराच्या आसपास लोकांचे मोबाइल महिनोन् महिने ऐकले जात होते, एक्स्चेंजमध्ये पोलिसांसाठी ठेवलेली टॅपिंगची सोयच कुणीतरी गुपचूप वापरली. वीस वर्षांनी, 2024 मध्ये, अमेरिकेत तेच, चीनशी जोडलेले हॅकर्स मोठमोठ्या टेलिकॉम कंपन्यांत शिरले आणि कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या टॅपिंगच्या सिस्टिमपर्यंत पोचले. मग डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारी सायबर यंत्रणेनेच सांगितलं की एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (म्हणजे मजकूर फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतो) असलेली ॲप वापरा आणि एसएमएसच्या ओटीपीवर विसंबू नका.

मी वकील आहे, घटस्फोटाच्या, पोटगीच्या केसेस करते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर असतं आणि त्यांनाच ते आठवत नाही. ज्याच्या नावावर सिम तो दुकानात जाऊन डुप्लिकेट काढू शकतो. सिम बदललं की 24 तास एसएमएस बंद ठेवायचा नियम 2022 पासून आहे, पण पंचविसाव्या तासाचं काय? म्हणून पहिल्या भेटीतच मी त्यांना नवीन सिम स्वतःच्या नावावर घ्यायला लावते, सिग्नल नावाचं मेसेजिंग ॲप टाकायला लावते, त्यात पिन आणि रजिस्ट्रेशन लॉक (म्हणजे पिनशिवाय तो नंबर दुसऱ्या फोनवर चालू होत नाही) चालू करते आणि ऑफिसातच दोघींचे फोन समोरासमोर धरून सेफ्टी नंबर स्कॅन करते, म्हणजे समोरचा फोन खरंच तिचाच आहे याची खात्री होते. व्हॉट्सॲपच हवं असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आणि बॅकअपलाही एन्क्रिप्शन, ते आपोआप चालू नसतं. एवढं केलं की मधलं नेटवर्क कसंही असो, मजकुराची चावी फक्त दोन टोकांच्या फोनमध्येच राहते. हां, आपण इंटरनेट वापरतोय हे कंपनीला कळणारच, आणि नवऱ्याने फोनच हातात घेऊन उघडला तर कुठलंच ॲप वाचवत नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगते.

तर माझी विनंती अशी की चौकटीत ते एक वाक्य छापता त्याखाली अजून तीन ओळी छापा. कॉल वळवलेत का याची शंका आली तर ##002# दाबून सगळं फॉरवर्डिंग रद्द करा, व्हॉट्सॲपला पिन लावा, सिम कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. आणि बँकांनाही विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांत 1 एप्रिल 2026 पासून एसएमएस ओटीपी सोडून दुसऱ्या पद्धती वापरायला मोकळीक आहे, तर माझ्या वडिलांच्या पेन्शन खात्याला तो पर्याय कधी देणार? त्यांच्या शाखेत मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर आलं, "मॅडम, ओटीपी कोणाला सांगू नका म्हणजे झालं."

आपली,
एक वाचक, सांगली