ताई, ते ३१ ट्रॅक बंद केल्याबद्दल

प्रिय ताई,

तुला समोरासमोर ‘थँक यू’ म्हणायची सोय नाही. मागे एकदा म्हणून पाहिलं, तर तू “आधी ती केबल नीट गुंडाळून ठेव” म्हणालीस आणि विषय तिथेच संपला. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. चारचौघांत वाचलं जाईल, म्हणजे तुला मधेच उठून जाता येणार नाही.

आमचा बँड मोडला तेव्हाची गोष्ट. तिघांचा बँड, दोन वर्षं, चार गाणी. भांडण कशावरून झालं ते आता धड आठवत नाही (आठवतं, पण ते इथे नको). पाचवं गाणं मी एकट्यानंच पुरं केलं आणि मिक्सिंगसाठी तुझ्याकडे घेऊन आलो. त्यात ४२ ट्रॅक होते, म्हणजे एकावर एक चढवलेले ४२ वेगवेगळे आवाज. दोन माणसं गेली होती आणि त्यांची जागा मी सिंथेसायझरनं भरत सुटलो होतो. लांबवलेल्या सुरांचे पॅडवर पॅड, टाळ्यांचे तीन थर, आणि कुठेतरी मागे घंटीसारखा एक बारीक आवाज, जो माझा फार लाडका होता.

तू गाणं एकदा शेवटपर्यंत ऐकलंस. काहीच बोलली नाहीस. मग माउस हातात घेतलास आणि एकेक ट्रॅक म्यूट, म्हणजे बंद, करायला लागलीस. दर क्लिकनंतर थांबायचीस आणि विचारायचीस, “काय गेलं, सांग.” पहिल्या नऊ क्लिकपर्यंत मला एकदाही सांगता आलं नाही. दहाव्या क्लिकला बेस गेला आणि मी खुर्चीत सरळ झालो. “हां,” तू म्हणालीस, “हा राहू दे मग.” तासाभरानं ३१ बंद होते आणि ११ चालू. रडू यायचंच बाकी होतं. घंटीही त्या ३१मध्ये होती.

निघताना तू हार्ड डिस्क हातात दिलीस. हॉट चिप या लंडनच्या इलेक्ट्रॉनिक बँडचे सात अल्बम, क्रमानं. आठवड्याला एक. “शफलवर लावलास तर डिस्क परत घेईन.”

मी तेव्हा काय म्हणालो होतो तेही लिहून टाकतो, लाज वाटली तरी. “पाच माणसं कीबोर्डमागे ओळीनं उभी असतात, त्यात बँड कुठाय? मशीनच वाजवतंय सगळं.” तू उत्तर दिलं नाहीस. सात आठवड्यांनी ते माझं मला मिळालं.

पहिला आठवडा तर मी तुझ्यावर चिडलेलोच होतो. ‘कमिंग ऑन स्ट्राँग’, २००४. घरात बसून केलेलं रेकॉर्डिंग, अर्धवट झोपेत असल्यासारखी गाणी, किरकोळ वाटणारं ड्रम मशीन. हे काय मला शिकवणार? पण त्यात मोकळी जागा किती आहे हे चौथ्या-पाचव्या खेपेला कानावर यायला लागलं. एक बीट, एक कीबोर्ड आणि दोन आवाज. अ‍ॅलेक्सिस टेलरचा उंच, पातळ, आता तुटेल की काय असा. आणि त्याच्या खाली जो गॉडर्डचा जड, घोगरा, जमिनीवर बसलेला. हे दोघं लंडनच्या पटनी भागातल्या एलियट स्कूलमध्ये भेटले. फोर टेट, बरीअल आणि द एक्सएक्स ही इलेक्ट्रॉनिक संगीतातली नावंही त्याच शाळेतली. एका सरकारी शाळेतून इतकं सगळं कसं निघालं, हा प्रश्न मी तुला तेव्हा विचारला होता. तू म्हणालीस, “संगीताच्या खोलीला कुलूप लावत नसतील.”

दुसऱ्या आठवड्यात ‘द वॉर्निंग’ आला आणि राग पळाला. २००६ सालचा हा अल्बम ब्रिटनच्या मर्क्युरी संगीत पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. ‘ओव्हर अँड ओव्हर’मध्ये तर आपल्याला ‘निवांत’ म्हणणाऱ्यांना ते गाण्यातच टोमणा मारतात, आणि तोही अशा ठेक्यावर की निवांत बसणं अशक्य व्हावं. मी मात्र अडकलो ‘बॉय फ्रॉम स्कूल’मध्ये. खाली नाचाचा ठेका अखंड चालू आणि वर ते दोन आवाज एकत्र, अतिशय उदास. नाचताना घसा दाटून येतो असं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग तुझा खेळ मी माझा मीच खेळलो. डोळे मिटून मनातल्या मनात एकेक आवाज म्यूट करत गेलो. प्रत्येक वेळी गाण्याला भोक पडलं. फुकटचं एकही काही नव्हतं त्यात.

‘मेड इन द डार्क’ (२००८) मला आजही अर्धाच आवडतो. त्यातलं ‘रेडी फॉर द फ्लोअर’ ब्रिटनच्या चार्टवर सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, ग्रॅमीचं नामांकनही मिळालं, पण अल्बम म्हणून त्याचा एक पाय डान्स फ्लोअरवर आणि दुसरा हळुवार गाण्यांत. मिळालेलं यश कुठे ठेवायचं ते कळेनासं झालेल्या माणसांसारखा. तुला तो सगळा आवडतो हे माहीत आहे. भांडू कधीतरी.

चौथा मात्र तू मुद्दाम मनात धरून ठेवला होतास ना? ‘वन लाइफ स्टँड’, २०१०. एका रात्रीच्या ओळखीला इंग्रजीत ‘वन नाइट स्टँड’ म्हणतात, तो शब्दप्रयोग उलटा करून जन्मभराच्या सोबतीवर केलेलं नाव. डान्स म्युझिकमध्ये लग्नाबद्दल, भावाभावांच्या नात्याबद्दल, टिकण्याबद्दल गाणी! आणि आवाजही तसाच बदललेला. चार्ल्स हेवर्डसारख्या जुन्या जाणत्याचे हातानं वाजवलेले ड्रम, फिंबर ब्राव्होचा स्टील पॅन, म्हणजे काठीनं वाजवायचं धातूचं वाद्य. त्या पॅनच्या पहिल्या सुरांना मी गाणं थांबवलं आणि मागे नेऊन पुन्हा ऐकलं, कारण धातूच्या त्या थरथरीत काठी उचलणारा हात स्पष्ट दिसत होता. मशीनचा ठेका शेजारी तसाच चालू होता. कोणी कोणाची जागा घेतली नव्हती. मी माझ्या गाण्यात दोन माणसांची जागा भरायला ३१ ट्रॅक कोंबले होते, ते त्या रात्री नीट कळलं. तुला मेसेज केला होता, “स्टील पॅन!!!” एवढाच. तू अंगठा पाठवलास.

पुढचे दोन भराभर ऐकले. ‘इन अवर हेड्स’ (२०१२) हा ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी सोडून डॉमिनो लेबलकडे गेल्यानंतरचा पहिला अल्बम. त्यातलं ‘फ्लूट्स’ सात मिनिटांवर चालतं आणि घाई म्हणून कसली करत नाही. ‘व्हाय मेक सेन्स?’ (२०१५) चांगला आहे. एवढंच.

सातवा, २०१९चा ‘अ बाथ फुल ऑफ एक्स्टसी’. या अल्बमसाठी त्यांनी बाहेरचे दोन निर्माते आत घेतले: रॉडी मॅकडॉनल्ड आणि पॅरिसचा फिलिप झ्दार. अल्बम २१ जूनला यायचा होता. १९ जूनला झ्दार पॅरिसमध्ये इमारतीवरून पडून वारला. हे मला माहीत नव्हतं. मी आपला तुला फोन करून “काय उजळ आवाज आहे गं, खिडक्या उघडल्यासारखा” असं उत्साहानं सांगत होतो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि मग हळूच सांगितलंस. मिक्सिंग करणाऱ्या माणसाचं नाव कोणी वाचत नाही, असंही म्हणालीस. त्या फोननंतर मी माझ्या जुन्या चार गाण्यांखाली तुझं नाव आहे का ते जाऊन पाहिलं. नव्हतं, ताई. चारही तूच मिक्स केलेली. आता घातलंय. उशिरा घातलंय, हेही इथेच कबूल करतो.

आठवा अल्बम, ‘फ्रीकआउट/रिलीज’, २०२२मध्ये आला. तोवर डिस्क परत केली होती, हा माझा मीच ऐकला. त्यांच्यातल्याच अल डॉयलनं लंडनमध्ये स्टुडिओ थाटला, तिथे एकत्र वाजवून केलेला. शीर्षकगीत चक्क करकरतं, आवाज मुद्दाम फाडलेले. पन्नाशीकडे निघालेली माणसं इतका गोंधळ घालतात आणि त्या गोंधळातही अ‍ॅलेक्सिसच्या आवाजाभोवती जागा तेवढीच मोकळी. टेलर, गॉडर्ड, डॉयल, ओवेन क्लार्क, फेलिक्स मार्टिन. पहिल्या अल्बमनंतर एवढ्या वर्षांनीही तेच पाच. मधल्या काळात प्रत्येकानं बाहेर आपापलं काही ना काही केलं. गॉडर्डचं वेगळं, टेलरचं वेगळं, डॉयल तर एलसीडी साउंडसिस्टम या अमेरिकन बँडमध्येही वाजवतो. आणि पुन्हा येऊन त्याच ओळीत उभे.

तो अल्बम संपल्यावर मी आमच्या जुन्या ड्रमरला फोन केला. तीन वर्षांनी. दोघंही अवघडलेलो होतो, हवामानावर बोललो. पण गेल्या महिन्यात तो आला आणि पाचव्या गाण्यावर त्यानं हातानं वाजवलं, टाळ्यांच्या तिन्ही थरांच्या जागी एक स्नेअर ड्रम. त्याला आधी काही सांगितलं नव्हतं, ऐकून तोच म्हणाला, “इथे फार काही नको.”

गाणं आता पुरं आहे. सोबत पाठवतोय. १२ ट्रॅक आहेत, ११ नाहीत. घंटी मी परत चालू केलीये, दुसऱ्या कडव्यात, अगदी हळू. ती म्यूट करून बघ, आणि काय गेलं ते या वेळी तू मला सांग.

तुझा,
केबल अजूनही चुकीची गुंडाळणारा