दुबईत रस्सा करणाऱ्या मुलास

चि. बाळ यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

कोल्हापुरी तांबडा-पांढरा रस्सा घरीच करून पाहायचा असे तू ठरवलेस, हे ऐकून बरे वाटले. मी फोनवर पुढचे आधी आणि मागचे नंतर सांगते, अशी तुझी नेहमीची तक्रार असते, म्हणून क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी एक ताकीद. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे, तेव्हा इथून येणाऱ्या कोणाकडूनही ती मागवू नकोस. आपल्या कांदा-लसूण चटणीतही खसखस पडते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तुझ्या वाट्याची चटणी यंदा मी खसखस वगळून वेगळी कुटून घेतली आहे. पांढऱ्या रश्शाला काजू आणि पांढरे तीळ पुरेसे होतात. दाटपणा किंचित कमी येतो, इतकेच.

कोंबडी एक किलो आणि हाडांसकट घ्यावी. बोनलेस तुकड्यांच्या पाण्याला चव उतरत नाही, आणि दोन्ही रश्शांचा सगळा जीव त्या पाण्यातच असतो. गोठवलेली मिळाली, तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू दे. पातेल्यात थोड्या तेलावर कांदा, आले-लसणाचे वाटण आणि हळद परतून त्यात तुकडे घाल, मीठ लाव आणि वर ताट झाकून त्या ताटात पाणी ओत. मंद आचेवर कोंबडीला तिचेच पाणी सुटते आणि ताटातले पाणीही तापत जाते. तेच गरम पाणी थोडे थोडे करून आत घालत राहायचे. गार पाणी एकदम ओतलेस, तर उकळी मोडते. एकूण दीड लिटरपर्यंत पाणी लागेल. ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजते. गावठी कोंबडी वयाने मोठी आणि चिवट असते, तिला तासाहून अधिक लागतो, पण तिचे अळणी, म्हणजे कोंबडी शिजवलेले ते पाणी, निराळेच. कुकरच्या शिट्ट्यांनी वेळ वाचतो हे खरे, तरी सुट्टीच्या दिवशी तो कशासाठी वाचवायचा, हे मला कळत नाही.

अळणी गाळून त्याचे दोन भाग कर. पांढऱ्यासाठी तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडे व मिरे तडतडले की काजू-तिळाचे वाटण परतून त्यात एक भाग ओत. नारळाचे दाट दूध अगदी शेवटी, आच कमी करून घाल आणि ढवळत राहा. खळखळून उकळलास की रस्सा फुटलाच म्हणून समज.

तांबड्यासाठी कांदा, सुके खोबरे आणि तीळ वेगवेगळे भाजावेत, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा असतो. लसूण-कोथिंबिरीसह त्यांचे वाटण करून कडेने तेल सुटेपर्यंत परत, आणि मग आच मंद करून चटणी घाल. मिरचीचा रंग पाण्यात नव्हे, तेलात उतरतो. म्हणून त्या घटकेला तेलाचा हात आखडता घेतलास, तर तवंग येणार नाही. चटणी करपली, तर मात्र कडवटपणा कशानेही जात नाही. ते वाटण सरळ टाकून दे. चटणी परतून झाली की लगेच राहिलेले अळणी गरम असतानाच ओत आणि चांगली उकळी येऊ दे. तुकड्यांचे सुके करायचे असेल, तर थोडे परतलेले वाटण त्याआधी बाजूला काढून ठेव.

भाकरी थापणे तुला अजून साधत नसेल, तर चपाती किंवा साधा भात कर. उरलेला तांबडा दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, पांढरा मात्र त्याच रात्री संपवावा. चटणीचा डबा पुढच्या महिन्यात तुझ्या मावसभावाबरोबर पाठवते. तेल गळते, तेव्हा तो मिळताच काचेच्या बरणीत काढून ठेव.

तुझी,
आई